चूक माझ्या घरची

माझा भाऊ प्रेमदास विमान पडून गेला, एवढं सांगायला एक वाक्य पुरतं. विमान का पडलं, हे मात्र सगळ्या मुलखाला माहीत होतं. बाळापूरच्या हॉटेलवाल्याला माहीत होतं, हिंगोलीच्या मोंढ्यातल्या हमालांना माहीत होतं, पेपरवाल्यांना तर बहुतेक विमान जमिनीवर यायच्या आधीच कळलं असावं. माहीत नव्हतं ते आम्हाला, आणि ज्यांना शोधायला नेमलं होतं त्यांना.

मी शिला. आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात नर्स आहे, लोक शिस्टर म्हणतात. गावापासून थोड्या अंतरावर आमचा तांडा आहे. आजोबा रूपसिंग नायक होते, म्हणून तांड्याला त्यांचंच नाव. आजोबांच्या आज्यापर्यंत आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ वाहत होते. आता आम्ही हळद पिकवतो आणि बाजारभावाच्या नावानं बोटं मोडतो, म्हणजे इतर शेतकऱ्यांत आणि आमच्यात काही फरक राहिलेला नाही. आजोबांच्या मागं नायकी माझ्या वडिलांकडे आली. त्यांचं नाव किसनसिंग, आम्ही बापू म्हणायचो.

तांड्यातलं भांडण आम्ही कोर्टात नेत नाही. लिंबाखाली बसतात, नायक दोन्ही बाजू ऐकतो, त्या बैठकीला नसाब म्हणतात. मोठं भांडण असलं, विशेषतः कुणाचा जीव गेलेला असला, की एक रीत आहे. दोघांतला जो मानानं मोठा, त्यानं पागोटं काढून दुसऱ्यापुढं ठेवायचं आणि म्हणायचं, "चूक माझ्या घरची." चूक खरंच कुणाची होती हे तिथं कोणी विचारत नाही. दुसऱ्यानं पागोटं उचलून परत त्याच्या डोक्यावर ठेवायचं, गूळ वाटायचा, आणि मग ती गोष्ट कोणी पुन्हा काढायची नाही. काढली तर दंड. बापूंनी असं पागोटं लोकांसाठी कितीदा ठेवलं होतं. त्यांचा शब्द तांड्यात नाण्यासारखा चालायचा.

प्रेमदास माझ्यापेक्षा मोठा. बारावी होऊन हवाई दलात गेला, पंधरा वर्षं विमानांच्या इंजिनाखाली काढली आणि तिथून सुटल्यावर एका खासगी कंपनीत लागला. तांड्याला वाटायचं विमान हाच उडवतो. त्यानंही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, लबाड होता. कंपनीचं विमान लहान होतं, एसटीच्या निम्म्या सीटांचं. जिथं विमानतळ म्हणजे एक पट्टी आणि एक पत्र्याची खोली, अशा गावांना ते जायचं. तिथं दुरुस्तीवाला कुठून मिळणार? म्हणून तपासणी करणारा माणूस सोबतच बसवून न्यायचे. तो माणूस प्रेमदास.

सेनगावकडच्या साखरा गावचा वैजनाथ त्याच कंपनीत सामान चढवायचं काम करायचा. हिंगोलीला वसतिगृहात असताना तो प्रेमदासच्या मागच्या वर्गात होता. वडील नाहीत, बायको लग्नानंतर लवकरच तापानं गेलेली, घरी एकटी आई, द्वारकाबाई. पोरगं हताश होऊन बसलं होतं. प्रेमदास साखऱ्याला गेला, द्वारकाबाईच्या हातची भाकर खाल्ली आणि वैजनाथला सोबत घेऊन गेला. त्या दिवशी तोही विमानात होता.

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात, दूर डोंगराळ मुलखात, पट्टी सोडल्यावर थोड्याच वेळात ते विमान खाली आलं. कोणी वाचलं नाही. आमच्याकडं पेटी आली ती खिळे मारलेली. उघडू नका, असं सोबतच्या माणसानं सांगितलं. माझ्या आईनं, आम्ही तिला याडी म्हणतो, पेटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तोंड कोनत्या अंगाला हाय?" त्या माणसाला सांगता आलं नाही. मग याडीनं पेटीच्या दोन्ही टोकांना कुंकू लावलं.

याडी रडली, वहिनी रडली, मी रडले. बापू रडले नाहीत. नायक आहेत, चारचौघांत रडायचे नाहीत, असं मला वाटलं.

मग लोकांनी विमान पाडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बॉम्ब होता. दोन दिवसांनी वैमानिक झोपला होता. नंतर तो झोपला नव्हता, त्याचं बायकोशी भांडण झालं होतं. दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेत बायका माझ्यासमोर हे बोलायच्या आणि मला बघून गप्प व्हायच्या. त्यांचं गप्प होणं बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. आठवडा झाला असेल, पेपरात आलं: उड्डाणाआधी विमानाची शेवटची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञावर संशय, सूत्रांची माहिती. हे सूत्र कोण, कुठं राहतं, त्याला आईबाप आहेत का, मला आजवर कळलेलं नाही. पण सूत्रानं सांगितलं आणि बाळापूरच्या बाजारात सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तांड्याचा माणूस ना? मग पिऊन असेल.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. आमच्या लोकांचं नाव आणि दारूचं नाव एका दमात घ्यायची या मुलखाला जुनी सवय आहे. प्रेमदास होळीला प्यायचा, खोटं कशाला बोलू. बाजारात जे बोलत होते ते होळी कशाला, साधा मंगळवार सोडत नव्हते. पण विमान त्यांनी तपासलेलं नव्हतं, त्यामुळं ते सगळे शुद्धीत ठरले.

साखऱ्याला ही बातमी पोचली. वैजनाथचा चुलता रामप्रसाद तोंडाचा फाटका माणूस. हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या आमच्या तांड्याच्या दोन पोरांना त्यानं आणि त्याच्या सोबतच्यांनी गाठलं. आधी शिव्या, मग काठ्या. आमच्या एका पोराचं डोकं फुटलं, टाके घालायला मीच मदत केली. तांडा खवळला. तांड्याचा कारभारी बाबूसिंग म्हणाला, चार ट्रॅक्टर भरून साखऱ्याला जाऊ. बापू म्हणाले, "ट्रॅक्टर काहून? म्या जातो. शिले, तू चल."

वैजनाथचं तेरावं होतं त्या दिवशी. ओसरीवर, अंगणात माणसं बसलेली. आम्ही दोघं आत शिरलो तसं सगळं शांत झालं. रामप्रसाद उठायला लागला, कोणीतरी त्याचा हात धरला. द्वारकाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, बारीक, सावळ्या, डोळे कोरडे. बापू सरळ त्यांच्यापुढं गेले. पागोटं काढलं, त्यांच्या पायांपुढं जमिनीवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, चूक माझ्या घरची. माझ्या लेकाची चूक झाली. पदरात घ्या."

मला वाटलं होतं ते फक्त पहिलं वाक्य म्हणतील. रीत तेवढीच आहे. दुसरं वाक्य त्यांनी का जोडलं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारही केला नाही. साखऱ्याचे लोक आपली रीत ओळखत नाहीत, त्यांना समजावं म्हणून फोड करून सांगितलं, असं मी धरून चालले.

द्वारकाबाई बराच वेळ बापूंकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पागोटं उचललं, झटकलं आणि बापूंच्या हातात दिलं. आमच्यात डोक्यावर ठेवतात. त्यांना कुठून माहीत असणार. एवढंच म्हणाल्या, "बरं, उठा भाऊ. जेवून जा." आम्ही त्या पंगतीत बसलो. रामप्रसाद दुसऱ्या टोकाला मान खाली घालून जेवला. भांडण मिटलं, आणि येताना एसटीत बापू खिडकीला डोकं टेकवून झोपले. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता त्या दिवशी.

पण साखऱ्याचं अंगण म्हणजे तांड्याचा लिंब नव्हता. तेराव्याला हिंगोलीच्या एका पेपरचा वार्ताहर जेवायला आला होता. दुसऱ्या दिवशी चौकटीत बातमी: 'माझ्याच मुलाची चूक. तंत्रज्ञाच्या पित्याची कबुली.' मग ती मोठ्या पेपरांनी उचलली. कंपनीनं म्हटलं, घरचेच लोक मान्य करत असतील तर आम्ही काय बोलावं. आजवर सूत्र बोलत होतं, आता बाप बोलला होता. त्यापुढं कोणाला तपासाची गरज उरली?

माझी वहिनी दिपा तांड्यातच राहायची. कंपनीनं अजून घर दिलं नव्हतं, म्हणून प्रेमदासनं तिला आणि लहानग्या पुनमला आमच्याकडं ठेवलं होतं. तिनं तो पेपर वाचला आणि बापूंपुढं उभी राहिली. नायकापुढं सून अशी उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती, डोक्यावरचा पदरही तिनं सावरला नाही.

"लोक बोलले तर बोलले," ती म्हणाली. "तुमी काहून बोललात?"

बापूंनी पेपरची घडी घातली.

"तुमचा शबुद तुमी माघारी घ्या. न्हाई तर म्या या घरात ऱ्हात न्हाई. ज्या घरात बापच त्याला मारेकरी म्हनतो, तिथं त्याची लेक वाढवू कशी?"

मीच मधे पडले. वहिनी, ती आपली रीत आहे, कबुली नाही ती. नसाबात बोललेला शब्द नायकाला परत घेता येत नाही, घेतला तर नायकी सोडावी लागते. तिनं माझं ऐकून घेतलं, पुनमला कडेवर घेतलं आणि माहेरी निघून गेली. याडी तिला वेशीपर्यंत पोचवायला गेली आणि परत आल्यावर बापूंशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. नवराबायकोच्या अबोल्यात घरातल्या भांड्यांचा आवाज फार मोठा होतो.

पुढं मी तीन वर्षं एकच वाक्य बोलत होते. दवाखान्यात, बाजारात, एसटीत, पाहुण्यांत. "अहो, ती आमची रीत आहे, कबुली नाही." लोक हो हो म्हणायचे. हो म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा बघून कळतं की तो मानत नाहीये. पण मला एका गोष्टीची खात्री होती: जगात सगळ्यांनी मानलं तरी आमच्या घरात कोणी मानलेलं नाही. त्या एका गोष्टीवर मी उभी होते.

मधल्या काळात तपास करणाऱ्यांपैकी एक साहेब तांड्यावर आले. दक्षिणेकडचे असावेत, हिंदी जपून बोलायचे. बूट बाहेर काढून घोंगडीवर बसले. प्रेमदास शेवटचा घरी कधी आला होता, झोप नीट लागायची का, औषध काही चालू होतं का, कर्ज होतं का, प्यायचा का, सगळं विचारलं. मी तावातावानं उत्तरं दिली. शेवटी मीच विचारलं, साहेब, गलती किसकी थी?

"अभी नहीं बता सकते, बहनजी."

"सगळी दुनिया बता रही है, और जिनको मालूम है वो चुप!"

साहेबांना राग आला नाही. म्हणाले, "हमको भी अभी मालूम नहीं है. इसीलिए चुप हैं."

मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं. जाताना ते बापूंकडं वळले. आपने साखरा में जो कहा, वो किस बात पर कहा? कुछ देखा था, सुना था? बापूंनी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. साहेबांनी वाट बघितली, मग बूट घातले. नसाबातला शब्द पुन्हा उच्चारायचा नाही म्हणून बापू गप्प राहिले, असं मी साहेबांना जीपपर्यंत जाता जाता समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं होतं.

मधे आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नव्या पाट्या लागल्या, नवी कचेरी झाली. लोकांना बोलायला नवे विषय मिळाले आणि विमान विसरलं गेलं. फक्त प्रेमदासचं नाव निघालं की, "तो व्हय, इमान पाडणारा," एवढं राहिलं. तेवढंच राहिलं.

दोन हजार एकच्या सुरुवातीला अहवाल आला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, त्यात प्रेमदासचं नाव नव्हतं. नुकसानभरपाईचं काम बघणाऱ्या हिंगोलीच्या वकिलांकडं पूर्ण प्रत होती. मी रजा टाकून गेले. इंग्रजीत होतं, वकिलांनी मला वाचून वाचून मराठीत सांगितलं. इंजिनाच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, एका पात्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला चीर होती. ते पातं परदेशातल्या एका कारखान्यातून दुरुस्त होऊन आलं होतं, आणि चीर तिथंच राहून गेलेली असण्याची शक्यता जास्त. वरून डोळ्यांना ती दिसणं शक्य नव्हतं, पातं उतरवल्याशिवाय हाताला लागणं शक्य नव्हतं. तंत्रज्ञानं त्या दिवशी जी तपासणी करायची ती नियमाप्रमाणं केली होती. मद्याचा अंश आढळला नाही. त्याच्या हातून काही चूक झाल्याचा पुरावा नाही.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा वाचलं.

"म्हणजे पातं तुटून विमान पडलं, हे नक्की?"

"'बहुधा' लिहिलंय त्यांनी. सर्वांत संभाव्य कारण."

मला हसू आलं आणि हसता हसता मी वकिलांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. ज्यांनी काही बघितलं नाही ते 'नक्की' म्हणत होते, आणि ज्यांनी तीन वर्षं त्या डोंगरातून लोखंडाचा तुकडा न् तुकडा वेचून आणला, ते म्हणतात 'बहुधा'. त्या बूट काढून बसलेल्या साहेबांची मला आठवण झाली. त्यांच्यावर मी उगाच तडकले होते.

घरी येऊन मी बापूंना सगळं सांगितलं. ते अंगणात दोर वळत होते. त्यांनी ऐकलं, दोर बाजूला ठेवला, आणि विचारलं, "दिसत नव्हती? कोनालाच दिसली नसती?"

"कोणालाच नाही."

"हातात घिऊन बघितली असती तरी?"

"तरी नाही, बापू."

ते उठून शेताकडं गेले. मला वाटलं आनंद झाला असेल, एकटं बसायचं असेल. संध्याकाळी परतले आणि बाबूसिंगला निरोप पाठवून माणसं जमवली. लिंबाखाली उभं राहून म्हणाले, साखऱ्यात दिलेला शब्द म्या माघारी घेनार हाय, म्हून नायकी सोडतो. बाबूसिंग गयावया करू लागला. नायकसाहेब, तिथले लोक गोर न्हाईत, आपल्या जातीचे न्हाईत, तिथं दिलेला शबुद नसाबातला शबुदच न्हाई, सोडायची गरज काय? बापूंनी ऐकलं नाही. दोन पिढ्यांची नायकी त्यांनी बसल्या जागी बाबूसिंगच्या ओटीत टाकली. घराच्या दारातून याडी बघत होती. त्या रात्री ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. "दिपाला सांगावा धाडते," एवढंच म्हणाली.

मी तर हवेत होते. आता प्रेमदासचं नाव धुऊन निघणार, वहिनी परत येणार, पुनम शाळेत ताठ मानेनं जाणार. मी त्या वार्ताहरालाही फोन करून ठेवला. आम्ही जाऊन आल्यावर त्याला सगळं सांगायचं होतं. कबुली छापलीस ना बाबा, आता हेही छाप.

साखऱ्याला आम्ही सकाळीच पोचलो. अंगण रिकामं होतं, द्वारकाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. रामप्रसाद कुठंतरी शेतावर. त्यांनी आम्हाला ओळखलं, सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं. बापूंनी पाण्याला हात लावला नाही.

"बाई, तीन वर्षांमागं म्या या दारात म्हनलो व्हतो, चूक माझ्या लेकाची. तो शबुद म्या माघारी घ्यायला आलो. कागद आला हाय. त्याची चूक नव्हती. पंख्यात चीर व्हती, कोनाला दिसन्यासारखी नव्हती."

द्वारकाबाईंनी मान हलवली. "व्हय. सेनगावला कोनी तरी वाचून दाखवलं म्हनून रामप्रसाद भाऊजी सांगून राहिले व्हते." मग म्हणाल्या, "पर भाऊ, येक इचारू? तवा काहून म्हनलात तसं?"

माझं वाक्य तयारच होतं. मी तोंड उघडलं, "मावशी, ती आमच्यात एक रीत..."

"न्हाई." बापूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "रीत हाय. पर म्या रीतीपुरतं न्हाई म्हनलो."

मला कळेना ते काय बोलतायत.

"त्या वर्सी होळीला प्रेमदास घरी आल्ता," बापू जमिनीकडं बघत बोलायला लागले. "हिरीवरची मोटर बंद पडली व्हती. त्यानं खोलली, बसवली, चालू केली. दोन दिसांनी तो गेला, अन् मोटर हालून राहिली. म्या बघितलं तर येक नट सैल. थकून आल्ता लेकरू, झोप नव्हती झाली, ऱ्हाऊन गेलं असंल. म्या पान्हा घिऊन आवळला. कोनाला बोललो बी न्हाई. मंग पेपरात आलं, अन् माज्या डोळ्याम्होरं तो नट उभा ऱ्हायला. बाजार म्हनत व्हता पिऊन व्हता, ते म्या कदी मानलं न्हाई. पर नट मानला. मला वाटलं, केलं यानंच. तुमच्या दारात पागोटं ठिवलं ते माफी मागाया ठिवलं, बाई. खरी माफी. बाप असून म्या त्याला गुन्हेगार मानून बसलो, तीन वर्सं."

मी त्यांच्या हाताखालून माझा हात काढून घेतला. मला राग आला, इतका की कानात घुमायला लागलं. तीन वर्षं मी गावोगाव ज्यांच्यासाठी भांडले, ते घरात बसून त्या बाजारवाल्यांच्याच बाजूला होते. साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प का होते, याडीकडं डोळे वर करून का बघत नव्हते, तीन वर्षांत एकदाही का रडले नाहीत, सगळं एकदम लख्ख झालं. एका नटावर! माझ्या भावाची पंधरा वर्षं हवाई दलातली, हजार विमानं त्यानं नीट करून आभाळात पाठवलेली, आणि बापानं तोलायला घेतला तो हिरीवरच्या मोटरचा एक नट.

द्वारकाबाईंनी सुपातले तुरीचे दाणे बोटांनी उगाच एका बाजूला केले.

"म्या तर येक दिस बी मानलं न्हाई," त्या म्हणाल्या.

बापूंनी मान वर केली.

"भाऊजी बोलले, गाव बोललं, पेपरवाला बोलला. म्या म्हनलं बोलू द्या. त्या लेकरानं माज्या चुलीपशी बसून भाकर खाल्ली. म्हनला, मावशी, वैजनाथला म्या माज्याजवळच ठिवतो. त्याच्या भरवशावर म्या माजा येकुलता येक धाडला. पेरल्यावर कोनी रोज उकरून बघतं का, भाऊ? त्यानं जीव गेला तरी मुद्दाम हयगय केली नसती. सोताबी त्यातच बसला व्हता की."

"मंग..." बापू म्हणाले. "मंग तवा तुमी पागोटं काहून उचललं? न्हाई म्हनायचं व्हतं. त्याची चूक न्हाई म्हनायचं व्हतं."

"तुमचं तोंड बघून," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला वाटलं ह्या मानसाला हे म्हनल्याबिगर जगता यायचं न्हाई. माजं तर गेलंच व्हतं. तुमाला तरी हलकं वाटावं म्हून उचललं. तुमी खरंच मानता, हे मला ठाव असतं तर उचललंच नसतं. हात धरून भांडले असते तुमच्याशी, त्याच्यासाठी."

बापूंनी डोक्यावरचं पागोटं काढलं. या वेळी ते कोणाच्या पायांपुढं ठेवायचं नव्हतं. ते त्यांनी मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं आणि त्यातून एक आवाज आला. मी दवाखान्यात खूप माणसं रडताना पाहिली आहेत, पण म्हातारा बाप असा रडताना पाहिला नव्हता. माझा राग तसाच होता. तरी मी सरकून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले, दुसरं काय करणार. ते थरथरत होते ते माझ्या अंगात येत होतं.

"प्रेमदास रे," ते म्हणत होते, "प्रेमदास, म्या तुला बघितलंच न्हाई रे."

मी त्यांना गप्प करायला वळले, तर द्वारकाबाईंनी मला हातानं थांबवलं.

"रडू दे त्यान्ला," त्या म्हणाल्या. "तीन वर्सांचं ऱ्हायलंय. म्या माज्याला रडून घेतलं. ह्यांच्या लेकाला हे अजून रडलेच न्हाईत."